सामलीचं घुंगरू

घुंगरू मांडणीखाली गेलं, पंजाच्या एका फटक्यानं परत बाहेर आलं आणि गिरकी घेत लमदुआनच्या पायाशी थांबलं — लाल दोऱ्यात ओवलेलं, वाटाण्याएवढं, पितळेचं. मांजराचं पिल्लू दबा धरून बसलं होतं. सकाळी देवळातून आणल्यापासून त्यानं पडदा ओरबाडला होता, तांदळाच्या टोपलीत लोळण घेतली होती, आणि तिच्या लुंगीच्या काठाशी तर त्याचं उभं वैरच होतं. एरवी ती पोट धरून हसली असती. नव्या पिल्लाच्या गळ्यात बांधायला म्हणून घुंगरू पेटीतून काढलं खरं, पण बांधायला हात उचलेना...

सात वर्षांपूर्वी नवऱ्यानं, बुन्योंगनं, त्यांच्या मांजरीचं, सामलीचं, ते घुंगरू तिच्या तळहातावर ठेवलं होतं. सामली गेली — ट्रकखाली आली — तू बघू नकोस, आंब्याखाली पुरलंय मी तिला, एवढं घुंगरू तेवढं काढून आणलं. त्याचा आवाज कापला होता. कापला होता ना? आणि मी, मूर्ख मी, सात वर्षं त्या आंब्याखाली मोगरा ठेवत आले.

नको झालेली मांजरं लोक नदीअलीकडच्या जुन्या बौद्ध देवळात सोडतात. कुणीतरी पिल्लं टाकलीत असं बाजारात कानावर आलं, राहवलं नाही, आणि सात वर्षांनी तिनं त्या अंगणात पाऊल ठेवलं. झाडणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षुणीनं तिला लगेच ओळखलं. पिल्लू तिच्या हातात देता देता सहज म्हणाली, "तुझा माणूस मनाचा चांगला गं. मांजर इथं सोडून गेला खरा, पण पुढं तीन वर्षं दर शुक्रवारी मासा घेऊन यायचा त्या पांढरीसाठी. शेपटी मोडकी होती ना तिची? संध्याकाळ झाली की फाटकात जाऊन बसायची. कुणाची वाट बघायची कोण जाणे."

"हो, मोडकी होती," एवढंच लमदुआन बोलली.

तीन वर्षं — हाकेच्या अंतरावर — आणि शुक्रवारी हा सोंगट्या खेळायला जातो म्हणायचा! त्या वर्षी लेक बाळंतपणाला येणार होती. घरात मांजर नको, असं तो दोनदा म्हणाला होता, ती हटून बसली होती, तेव्हा गप्प झाला होता. नातवाच्या काळजीनं मांजर टाकली, हे एक वेळ गिळता येईल. पण देऊळ? सामलीला 'पुरल्यावर' पंधरा दिवसांत त्याचं त्याच जुन्या देवळाच्या मंडळाशी वाजलं — खुर्च्यांवरून, म्हणे — आणि भिक्षूंसाठीचं त्यांच्या घरचं अन्न नदीपलीकडच्या देवळात जाऊ लागलं. ती नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिली होती. मंडळातल्या फिकुनशी, शाळेपासूनच्या मैत्रिणीशी, तिनं बोलणं टाकलं. फिकुनची आई गेली तेव्हा अंत्यसंस्कार त्या देवळात म्हणून ती गेलीसुद्धा नाही... खुर्च्या! एक मांजर आपल्या दृष्टीस पडू नये म्हणून.

ऊन उतरल्यावर बुन्योंग आला, हातात वाफवलेल्या बांगडा माशांची चपटी टोपली. पिल्लू बघून त्याचा चेहरा खुलला. उकिडवा बसून तो अंगठ्यानं काटे काढू लागला, तर ते कार्टं एक घास खाऊन अंगणात पळालं आणि आंब्याखाली उकरायला लागलं.

"अगं, आवर त्याला. सामली आहे तिथं," तो म्हणाला. अगदी सवयीनं.

दुपारभर तिनं प्रश्न घोळवला होता, शब्द न् शब्द तयार होता. तेवढ्यात त्यानंच, माशावरची नजर न काढता, विचारलं, "कुठनं आणलंस?" अंगठा थांबला होता.

"नदीपलीकडच्या देवळातनं."

अंगठा पुन्हा हलू लागला. खांदे सैल पडलेले तिला स्वच्छ दिसले. चौतीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि घशात काही अडकलं नाही, जीभ अडखळली नाही, काहीच झालं नाही. त्यालाही तेव्हा खोटं बोलणं जड गेलं असेल, निदान जड तरी गेलं असेल — सकाळपासून ती तेवढंच धरून होती.

अंगणात पिल्लू उकरतच होतं. ती उठली नाही. घुंगरू मुठीत आवळून तिनं विचारलं, "भात वाढू का?" आणि आपला आवाज किती रोजच्यासारखा आहे, ते ऐकत राहिली.