टपालवाल्याचा पाय

टपालवाल्यानं चौतीस वर्षं पायी टपाल वाटलं. त्याच्या हद्दीतले जिने, दारं, कुत्री सगळी त्याला ओळखून होती. निवृत्त झाला आणि साखरेच्या आजारानं डाव्या पायावर डूख धरला. अंगठ्याची बारीकशी जखम चिघळली, काळी पडली, वर सरकत गेली. शेवटी डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

शुद्धीवर आल्या आल्या तो बायकोला म्हणाला, "बघ, माझ्याआधी पायानंच काढता पाय घेतला."

बायकोला हसू आलं नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

थट्टा तोंडापुरतीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा फिरायला लागला: आपला पाय गेला कुठे? सिस्टरला विचारायची लाज वाटत होती. डॉक्टर आले तसे गेले.

तेवढ्यात वॉर्डातला कचरा न्यायला अक्का आली. सगळं रुग्णालय तिला अक्काच म्हणे. गुडघ्यापर्यंत बूट, कोपरापर्यंत जाड हातमोजे, तोंडाला मास्क, दिसायचे ते फक्त डोळे. तिच्या गाड्यावर रंगीत डबे होते. रक्ताचे बोळे पिवळ्यात, नळ्या लाल डब्यात, सुया पांढऱ्या टणक पेटीत. टपालवाला बघतच राहिला. टपाल कार्यालयात पत्रं निवडताना हात असेच चालायचे.

बायकोनं नुकतीच त्याची साखर तपासली होती. बोटाला टोचायची ती इवलीशी सुई तिनं कागदाच्या टोपलीत टाकायला हात पुढे केला.

"वहिनी, थांबा!" अक्का अशी ओरडली की शेजारचा रुग्ण उठून बसला. तिनं पांढरी पेटी पुढे धरली. "इथं टाका. कागदात पडलेली सुई दिसत नाही हो. माझ्या जोडीदारणीला अशीच टोचली होती. सहा महिने बिचारीचं रक्त तपासत होते. काही निघालं नाही, पण तेवढे सहा महिने तिनं स्वतःच्या लेकीचा पापा घेतला नाही."

बायकोचा चेहरा उतरला. सुई पेटीत पडली. मग टपालवाल्यानं धीर केला.

"अक्का, काल माझा पाय कापला. तो कुठं असेल?"

"अहो, काय विचारताय!" बायको कळवळली.

अक्का मात्र बिचकली नाही. "खाली शीतपेटीत आहे. पिवळ्या पिशवीत. आज दहाला भट्टीत जाईल."

"मला बघायचंय."

सिस्टर म्हणाली, ती काय फिरायला जायची जागा आहे? प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. त्यांनी टपालवाल्याकडे नीट पाहिलं आणि ते म्हणाले, "काचेच्या अलीकडून. मास्क लावून. दहा मिनिटं."

"मी एका पायावर तयार आहे," टपालवाला म्हणाला. आता मात्र बायको फस्सकन हसली आणि लगेच जीभ चावली.

चाकाच्या खुर्चीतून त्याला मागच्या आवारात नेलं. त्याला वाटलं होतं, दुर्गंधी असेल, माश्या असतील, उकिरडा असेल. तिथं धुतलेली फरशी होती, कुलूपबंद दारं होती आणि एक उंच धुराडं होतं. धूर कुठेच नव्हता. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती.

काचेपलीकडे अक्कानं पिशवी आणली. दोन्ही हातांनी, छातीपासून जरा दूर, सरळ धरून. काट्यावर ठेवली. चिठ्ठीवरचा क्रमांक, तारीख, वॉर्ड मोठ्यानं वाचला. भट्टीवाल्यानं तेच वहीत पाहून पुन्हा वाचलं आणि सही केली. टपालवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. रजिस्टर टपाल हातोहात द्यावं, तसा त्याचा पाय या हातातून त्या हातात चालला होता. कुठं हलगर्जीपणा नव्हता, घाई नव्हती.

"आता का थांबलेत?" बायकोनं हळूच विचारलं.

भट्टीवाल्यानं काचेवर टकटक करून भट्टीवरचा तापमानाचा आकडा दाखवला. तो ओरडून म्हणाला, "दोन कप्पे आहेत! खालच्यात वस्तू जळते, वरच्यात तिचा धूर जळतो. वरचा हजारावर पन्नास अंश चढेपर्यंत दार उघडायचं नाही!"

"धूरसुद्धा जाळतात?" टपालवाला पुटपुटला.

आकडा चढत गेला. एक हजार एकोणपन्नास. एक हजार पन्नास. दार उघडलं, पिशवी आत सरकली, दार मिटलं. भट्टीवाल्यानं हात करून दाराकडे बोट दाखवलं. दाराला रुपयाएवढं, जाड काच बसवलेलं भोक होतं आणि त्यातून उजेड बाहेर येत होता. लाल नव्हता, पिवळाही नव्हता. पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा. त्या उजेडात चौतीस वर्षांची चाल, फोड, भेगा, आजाराचा सगळा सडका भाग नाहीसा होत होता आणि बाहेरच्या कोणाला त्याची बाधा होणार नव्हती. टपालवाल्याचे हात आपोआप जोडले गेले. बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडत होती, पण कालसारखं तोंड फिरवून नव्हे.

"मागं काय उरतं?" अक्का बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"मूठभर राख. तीही बंद खड्ड्यात पुरतात."

"आणि असं रोज?"

"रोज. पावणेदोनशे किलो. सगळं भट्टीत नाही जात. नळ्या, सुया वाफेनं निर्जंतुक करतात. वरती कोणाला पत्ता नसतो. नसलेलाच बरा."

 टपालवाल्यानं हात पुढे केला.

"अंहं, असं नाही," अक्का म्हणाली. तिनं हातमोजे उतरवून डब्यात टाकले, नळाशी गेली आणि साबणानं बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं घासत राहिली. चांगलं मिनिटभर. मग हात कोरडे करून परत आली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. पाण्यानं सुरकुतलेले ते हात उबदार होते.