खिडकीवर बसवलेला टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे. जुना म्हटलं की तुम्हाला लाकडी दारांची, कान पिळून लावायची पेटी आठवेल. तसा मी नाही. मित्रांनो, मी पासष्ट इंची, पातळ आणि एके काळी फार महागडा होतो. दोन हजार एकोणीसच्या दिवाळीत मी सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका घरी आलो आणि पुढच्या सहा-सात महिन्यांतच माझ्या आयुष्यात घडायचं ते सगळं घडून गेलं. आमच्या जातीत म्हातारपण लवकर येतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या गर्दीचं मला काही आठवत नाही. आठवतं ते दुकान. दुकानात माझ्यावर दिवसभर एकच चित्रफीत चाले. हिरवा पोपट, त्याच्या पंखांचं एक न् एक पीस, पानावरून घरंगळणारा थेंब. माझ्या अंगात त्र्याऐंशी लाख ठिपके आहेत, असं दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि मला अभिमान वाटे.

योगराज त्या पोपटासमोर उभा राहिला तो हललाच नाही. हजीऱ्याच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. लहानपणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून टीव्ही बघायचा आणि सिनेमा रंगात आला की ते लोक दार लावून घ्यायचे. वडील गेल्यावर आई दिवसभर घरी एकटीच असते, तिला करमणूक हवी, असं त्याने बायकोला, नूतनला, समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. मला टांगायचं कुठे? एका भिंतीला दार, दुसरीला कपाट आणि भांड्यांची मांडणी, तिसरीवर देव. उरली खिडकीची भिंत. बसवायला आलेल्या माणसाने खिडकी लावून घेतली, चौकटीवर प्लायवूड ठोकलं आणि त्यावर मला घट्ट आवळलं.

"माय, आता बघ! माणसाचा केस न् केस दिसतो," योगराज म्हणाला.

त्याच्या आईने, मंगलाबाईंनी, आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेने मागे काही दिसतं का ते पाहिलं. "केस दिखतीन रे भो," त्या म्हणाल्या. "पन मन्ही खिडकी कोठे गई?"

"आत्याबाई, कामरेजला आमच्या ललितदादाकडेसुद्धा एवढा मोठा नाही," नूतन आपल्या भावाबद्दल म्हणाली.

"मंग त्याना घरमा खिडकी शे का नही, ते सांग."

सगळे हसले. मंगलाबाईही हसल्या. मला वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे.

त्या खिडकीचं मोल मला पुढे कळलं. घरी कोणी नसलं की मंगलाबाई मला बंद करत आणि माझ्याशीच बोलत. खिडकीमागे सांडपाण्याची गल्ली होती, इतकी अरुंद की हात लांब केला तर समोरच्या खिडकीत वाटी देता यावी. समोर परभणीकडच्या छायाबाई राहत. दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम करत आणि एकच साडी दोघींत घेत. एक पदर हिच्या मांडीवर, दुसरं टोक तिच्या मांडीवर, मधली साडी गल्लीच्या वाऱ्यावर वाळत असे. वीस वर्षं त्या साडीवरून बोलणं चाललं होतं. दोघींच्या पुढच्या दारांचं तोंड मात्र वेगवेगळ्या गल्ल्यांत. दारातून जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा.

माझ्या पहिल्याच संध्याकाळी पाठीमागच्या बंद खिडकीवर लाटण्याने ठकठक झालं.

"काय वो मंगलाबाई, थेटर काढलं म्हणं तुमच्या योगराजनं? आमच्याकडं नुसता आवाजच यायलाय!"

"आवाज फुकट शे, ऐक!" मंगलाबाई ओरडल्या. "चित्र देखाले तिकीट लागस!"

काही दिवस असं आरपार ओरडून बोलणं झालं. पण माणूस ओरडून हालहवाल विचारू शकतो, मनातलं सांगू शकत नाही. मंगलाबाई उजेडासाठी साडी घेऊन दारात बसू लागल्या. आता अख्खी साडी एकटीचीच होती.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं, ते माझं रूप? दुकानातला पोपट दुकानातच राहिला. गल्लीतल्या केबलवाल्याकडून यायचं ते जुनं, साधं चित्र. ते माझ्यावर ताणून मोठं केलं की आणखी विस्कटे.

"ह्या लोके सुजेल दिखतस," मंगलाबाई म्हणत.

"माय, तो केबलचा दोष आहे. चांगला पॅक घेऊ."

चांगला पॅक घेतला. काही वाहिन्या खरंच लखलखीत दिसू लागल्या. पण खाटेवर बसलेल्या मंगलाबाईंना त्यात नि शेजारच्या लहान टीव्हीत फरक वाटेना. डोळे माणसाचेच असतात ना! माझे त्र्याऐंशी लाख ठिपके मोजायला मंगलाबाई कशाला बसतील?

मग मार्च महिन्यात सगळं बंद झालं. मोठ्या रस्त्यावर बांबू बांधले गेले. इकडचा माणूस तिकडच्या गल्लीत जाऊ शकेना. योगराज घरात अडकला, कामाच्या काळजीने दिवसभर बातम्या लावून बसू लागला. पाठीमागून लाटणं वाजे. बातम्यांच्या आवाजात छायाबाईंचं अर्धंच बोलणं कानी पडे. दोघींकडेही स्वतःचा फोन नव्हता.

"योग्या, हाऊ टीव्ही काढ," मंगलाबाई म्हणाल्या. "लॉकडाऊन उठस तवलग काढ. माले तिन्ह्याशी बोलनं शे."

"माय, कंपनीच्या माणसाशिवाय स्क्रू काढला तर वॉरंटी जाते. आता कोण येणार? उठू दे ना सगळं."

"ती जाई म्हने गावले."

"कुठे जाते? सगळे असंच म्हणतात."

त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारलं. योगराज वाईट मुलगा नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला नवी वस्तू मोडायची हिंमत होत नाही.

एका सकाळी माझ्यावर बातम्या चालू होत्या. लोक बोचकी घेऊन हमरस्त्याने चालले होते. त्या दिवशी चित्र असं स्वच्छ होतं की दुकानदारानेही टाळी वाजवली असती.

"देख वं नूतन, त्या बाईना पायमा चप्पल नही," मंगलाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात माझ्या पाठीवर ठोके पडू लागले. भराभर, लाटण्याचे, मग नुसत्या मुठीचे. "मंगलाबाई! गाडी मिळाली वो! निघालो आम्ही! एकदा आवाज तरी द्या!"

मित्रांनो, ते मला ऐकू येत होतं. माझं सगळं अंग थरथरत होतं. पण टीव्हीला आपला आवाज आपण कमी करता येत नाही. खोलीत कोणालाच काही कळलं नाही. अनोळखी बाईचे भेगाळलेले पाय सगळ्यांना दिसले आणि वीस वर्षांची मैत्रीण पाठीमागून निघून गेली.

दोन दिवसांनी छायाबाईंच्या मुलाचा, नितीनचा, फोन आला. ते परभणीला पोचले होते. "आई किती ठोकत होती," तो म्हणाला. योगराजने फोन ठेवला आणि आईला सांगितलं.

मंगलाबाई रागावल्या नाहीत. उठून त्यांनी पेचकस शोधला, स्टूल ओढलं आणि त्यावर चढू लागल्या. योगराजने त्यांच्या हातातून पेचकस घेतला. त्याने मला खाली उतरवलं, प्लाय उपटलं, खिडकी उघडली. समोरची खिडकी बंद होती. मंगलाबाई तिथे संध्याकाळपर्यंत बसल्या.

मला उतरवताना माझा कोपरा कपाटाला लागला आणि माझ्या अंगावर उभी काळी रेघ उमटली. दुरुस्तीपेक्षा नवा घ्या, असं कंपनीचा माणूस म्हणाला. तेव्हापासून मी कपाटाला टेकून उभा आहे. माझ्यावर धूळ बसते. सणाला कोणीतरी ओल्या फडक्याने पुसतं, तेव्हा बरं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखा टीव्ही घ्यावा की नाही, हे मला विचाराल तर सांगतो. सोसत असेल तर घ्या. पण दुकानातला पोपट पाहून घेऊ नका. घरी येणारं चित्र कसं आहे, बसायची जागा किती लांब आहे, ते आधी पाहा. आणि भिंतीवर खिळा मारण्याआधी घरातल्या त्या माणसाला विचारा, जो दिवसभर त्या भिंतीजवळ बसतो.

योगराज अजून हजीऱ्याला जातो. क्रिकेटचा सामना असला की तो कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर बघतो. त्याने नवा टीव्ही घेतला नाही. नूतन साड्यांचं काम घेते, पाच-सहा बायकांना देते. ललितने कामरेजला माझ्याहून मोठा टीव्ही लावला आहे, असं ऐकतो. छायाबाई परत आल्या नाहीत. नितीन कामासाठी सुरतेला परतला, पण त्यांना त्याने गावीच ठेवलं. त्यांच्या खोलीत आता रात्रपाळीचे कामगार राहतात. ते दिवसा झोपतात आणि खिडकी लावून घेतात.

मंगलाबाई उघड्या खिडकीत एकट्या बसतात. कधीमधी नितीन गावी गेला की मोबाईलवर छायाबाईंना दाखवतो. गावात रेंज कमी, चित्र तळहाताएवढं आणि तेही धुरकट, मधेच थांबणारं. छायाबाईंच्या हनुवटीवर गोंदण आहे, ते त्यात अजिबात दिसत नाही. मंगलाबाई काचेवर बरोबर त्या जागी बोट ठेवतात आणि फोन बंद झाला तरी ते बोट बराच वेळ उचलत नाहीत.