पांढरी टेबलं

इटलीतल्या स्पिलिंबेर्गो गावच्या मोझॅकच्या कारखान्यात सगळं काम उलटं चाले. काचेचे तुकडे कागदावर पालथे चिकटवायचे, पाठीवर सिमेंट ओतायचं, ते धरलं की कागद भिजवून सोलायचा. तेव्हा कुठे केलेल्या कामाचं तोंड दिसणार. मिलानच्या एका दुकानानं तीन बुटकी टेबलं सांगितली होती. पाय लोखंडी काड्यांचे आणि वर नुसती पांढरी काच, नक्षी म्हणून काही नाही. शहरातल्या शहाण्यांपुढे कोण बोलणार!

काम ओनोरिनाकडे होतं. येत्या शनिवारी ती पाववाल्या तार्चिझिओशी लग्न करणार होती. पहिला नवरा एलिजिओ रशियाच्या लढाईत बर्फात हरवला, त्याला बारा वर्षं झाली. सरकारनं तो मेल्याचं ठरवलं होतं. तिनं मात्र अजून ठरवलं नव्हतं.

पहिल्या टेबलाचा कागद निघाला आणि पलीकडच्या कडेला गव्हाएवढा काळा ठिपका दिसला.

"ओनोरिनाबाई, लक्ष कुठंय? पावाच्या भट्टीत की पाववाल्यात?" मुकादम जेलिंदो म्हणाला.

"पांढरीच काच लावली हो मी! काळी माझ्याकडे आहेच कुठे?"

काच आरपार एकाच रंगाची. काळा तुकडा पाठीकडूनही काळाच दिसला असता. म्हणून दुसऱ्या टेबलाला जेलिंदो स्वतः शेजारी बसला. तुकडा न् तुकडा पांढरा होता. कागद सोलला तर मधोमध एक माणूस चालत येत होता. डोंगरी पलटणीची पीस खोवलेली टोपी, आणि सिमेंटची पोती वाहून पडलेला डावा खांदा. तो खांदा ओनोरिनानं कितीदा शेकला होता.

"हे मी केलं नाही," ती पुटपुटली.

"ठाऊक आहे मला," जेलिंदो म्हणाला. या खेपेला त्याला थट्टा सुचली नाही.

तिसऱ्या टेबलावर माणूस नव्हता. करड्या पावलांची रांग पलीकडून निघून ओनोरिना उभी होती त्या कडेपर्यंत आली होती आणि तिथेच संपली होती. जेलिंदोनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"घरी जा, पोरी. मी बघतो यांचं."

भर दुपारी, ऑगस्टच्या उन्हात ती जवळजवळ धावतच घरी आली. इतकी वर्षं तिनं दाराला आतून कडी लावली नव्हती; अवेळी आलाच तर बिचारा बाहेर ताटकळायला नको. आज तिनं कडी लावली.

थोड्या वेळानं उंबऱ्यापलीकडे कुणीतरी पाय आपटले, बुटांवरचा बर्फ झाडावा तसे. दाराखालून गार वारा तिच्या अनवाणी पावलांवर आला.

"एलिजिओ," दाराला कपाळ टेकून ती म्हणाली, "फार उशीर केलास रे."

ती ढसाढसा रडली. पण कडीवरचा हात तिनं काढला नाही.