स्टार्टरला बांधलेला नाडा

दसऱ्याला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, तसं मोटारीच्या स्टार्टरलाही लागलं. तिथवर रुपरावची काही तक्रार नव्हती. वायरमन असला तरी पूजेला हात जोडणारा माणूस तो. पण मॅनेजर मनोहरराव पुढे सरसावले. त्यांनी स्टार्टरचं हँडल चालू जागेवर दाबलं, त्याला लाल नाड्याचे वेढ्यावर वेढे घातले आणि गाठ मारताना हळूच म्हणाले, "आता पडन कसं, पाहू!"

हँडल पडावं म्हणूनच तर स्टार्टरची ती पेटी होती. एक चुंबक हँडलला धरून ठेवी. ओल्या कापसानं सरकी काढणारी जिन तुंबली आणि मोटारीवर भार वाढला, की ओव्हरलोडची कॉइल त्या चुंबकाची वीज तोडे. मग स्प्रिंग हँडल मागे फेके आणि सगळं थांबे. ती जोडणी रुपरावनंच केली होती. आणि त्याच मोटारीवर चालणाऱ्या जिनला त्याची बायको शामला कापूस लावत होती.

"साहेब, यानं मोटार जळन, नाईतर माणूस मरन," तो म्हणाला. "लढाईच्या दिवसात नवी मोटार कुठून आणसान?"

"देवीचा नाडा आहे गा. काप तू. मंग बायांले तोंड दे."

जिनला कापूस लावणाऱ्या बायांनी त्याला आधीच धारेवर धरलं होतं. मजुरी वजनावर, हँडल पडलं की हात रिकामे. त्यांतली रंभाबाई म्हणाली, "यायचा डबा म्हणजे सासू हाय बापा! जरा हात चालला का लागली कुरकुर कराले." सगळ्या खदखदल्या. शामलाही हसली. घरी भाकर वाढताना तेच: "काहून त्या नाड्याच्या मागं लागले तुमी? चालून राहिलं ना चांगलं?"

मॅनेजरची लबाडी रुपराव ओळखून होता. बायकोचं हसू मात्र त्याला गिळता येईना. पेटीकडे नजर गेली की किळस येई. वर तेलाचे ओघळ, नारळाच्या पाण्याचा आंबूस वास, त्यावर चिकटलेला कापूस आणि घोंगावणाऱ्या माशा. साधी घाण धुऊन तरी काढता येते. देवाच्या नावानं केलेल्या घाणीला हात लावायची चोरी.

एका दुपारी काटोलकडून दवानं भिजलेल्या कापसाच्या गाड्या आल्या. शामलाची जिन तुंबली. मोटार रेड्यासारखी रेकू लागली, पट्टा घसरून जळका वास सुटला. हँडल जागच्या जागी. शामला वाकून कापसाचा बोळा हातानं ओढू लागली. बोळा सुटला, रूळ एकदम फिरला आणि तिचा पदर आत गेला.

तिला किंचाळायलाही सवड मिळाली नाही. रुपरावनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पदर फाडून तिला सोडवलं, तेव्हा गळ्याभोवती लुगड्याचा काठ उमटला होता.

मनोहरराव आले. शामला श्वास घेते आहे एवढं पाहून त्यांनी हात जोडले. "देवीनंच राखलं! नारळ आणा रे."

बायांनीही हात जोडले. रुपराव स्टार्टरकडे गेला. त्यानं पकडीनं नाडा तोडला. हँडल खाडकन मागे पडलं.

"हे असं पडाले पायजे होतं," तो शामलाला म्हणाला.

तिनं गळा चोळला. आवाज घोगरा. "बांधून द्या ना पुन्हा. सीजन हाय. कोणाकोणाची रोजी बुडवता?"

त्याच्या अंगातला रागसुद्धा उतरला, उरली नुसती शिसारी. त्यानं पेटीचे स्क्रू सैल केले, हँडल उपसून हत्यारांच्या पिशवीत टाकलं, त्याच्यावाचून मोटार सुरू होणार नव्हती, आणि शामलाचं मनगट धरलं.

"चाल घरी."

"चोर आहेस तू! उद्या पाय ठेवू नको इथं," मनोहरराव ओरडले. रुपरावनं मान वळवली नाही. फाटकाशी पोचेपर्यंत बाया मागून शिव्या देत होत्या. शामला त्याच्याबरोबर चालत होती, पण मनगट सोडवून घेऊन.