कण सापडला नाही, सबब तो जड आहे

निसर्गातल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असतो, तो सापडला की सगळ्या बलांचं मूळ एकच असल्याचं कळेल, असं प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, छातीठोकपणे सांगत. जोडीदार मात्र एकोणीस वर्षं तोंड दाखवायला तयार नव्हता. प्रयोगशाळेचा वार्षिक अहवाल टाइप करणाऱ्या कारकून बाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या गेल्या वर्षीची फाइल उघडत, वर्ष बदलत आणि यंत्रानं तोवर शोधून झालेल्या वजनाचा आकडा वाढवत. "कण सापडला नाही, सबब तो याहून जड असावा," हे वाक्य तसंच राही. आपला चष्मा हरवला तर आपण तो जड झाला म्हणतो का, असं त्या मनात म्हणत.

यंदा सर धावतच आले. "बाई, आलेखावर उंचवटा आलाय! सापडला!"

बाईंनी फाइल चाळली. 'सापडला' म्हणणारं एकही वाक्य फाइलीत नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवून त्यांनी एक जुळवलं.

तिसऱ्या दिवशी सर पाय ओढत आले. नवी मोजणी त्यात मिळवल्यावर उंचवटा सपाट झाला होता. "जुनंच वाक्य ठेवा," ते म्हणाले.

दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेल्यानं बाईंचं डोकं फिरलं. "आकडा कितीनं वाढवू? की एकदाच असा टाकू, की तुमच्या निवृत्तीपर्यंत कुठल्याच यंत्राला गाठता येणार नाही?"

सर चष्मा पुसू लागले.

"टाका," ते म्हणाले.