लामारची चौथी प्रार्थना

माझा धाकटा भाऊ वेल्डन तीस वर्षांपूर्वी आमचा मॉर्मन पंथ सोडून गेला आणि आयडाहोत दुसऱ्या एका चर्चचा पाळक झाला. तेव्हापासून दर भेटीला माझं तारण करायचा चंग बांधूनच येतो. त्या रविवारीही नाश्ता पुढ्यात यायच्या आत त्याचं सुरू झालं.

"ताई, सोळाशे वर्षांपूर्वी पेलागियस नावाचा एक साधू म्हणाला, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो. चर्चनं त्याला पाखंडी ठरवून हाकललं. तुम्ही तेच म्हणता. आधी नियम पाळा, मग कृपा!"

"आम्ही म्हणतो, आधी हातपाय हलव, उरलेलं देव बघेल."

"मग अर्धे पेलागियस! तेही पाखंडच. अगं, कृपा फुकट असते."

"असेना का फुकट. घ्यायला उठावं तरी लागतं की नाही? खा आता, पॅनकेक गार होतायत."

मला वाद नकोच होता. माझा जीव लामारमध्ये अडकला होता. पक्षाघातानंतर माझा नवरा आज पहिल्यांदा प्रभुभोजनाच्या पावावरची प्रार्थना म्हणणार होता. ती आमच्यात शब्दन्‌शब्द म्हणावी लागते. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दोन महिने तो आमच्या टर्की कोंबड्यांच्या शेडमध्ये घोकत होता, पण 'साक्ष' काही केल्या जिभेवर बसेना. आज नाही जमलं तर पुन्हा कधी पुढे जाणार नाही, असं त्यानं मला सकाळीच सांगितलं होतं.

चर्चमध्ये तो गुडघे टेकून बसला. तोंडातून 'साश' निघालं. आमच्या मंडळीचे प्रमुख, बिशप थोरप, यांनी पुन्हा म्हणायची खूण केली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर तो निम्म्यातच अडखळला. बिशप वाकून म्हणाले, "लामार, दुसऱ्या कुणाला सांगू का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर सभेत मी उठले. "नाही बिशप! म्हणेल तो."

शेजारी बसलेल्या वेल्डननं माझी बाही ओढली. मी बसले नाही. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, तेही मिटले नाहीत.

लामारनं चौथ्यांदा सुरुवात केली. घाम पुसत, एकेक शब्द ओढत तो 'साक्ष'पाशी आला, थांबला, आणि म्हणाला. स्वच्छ! मग आमेनपर्यंत कुठेच अडला नाही. मला रडू फुटलं.

बाहेर गाडीपाशी वेल्डन हसत म्हणाला, "बघितलंस? स्वतःच्या बळावर! शुद्ध पेलागियस."

"स्वतःच्या बळावर? डोंबल! मी डोळे उघडे ठेवून उभी होते. बाकाबाकावर त्याच्याबरोबर ओठ हलत होते, बिशपचेसुद्धा."

"ते ठीक आहे, पण—"

"तुझेही हलत होते, वेल्डन. तीस वर्षांनी, एक शब्द न चुकता. आता सांग, यात पाखंडी कोण?"

तो खिसे चाचपत गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.