वेणूच्या दंडाचा आकडा

डॉक्टरने तो घड्याळ बसवलेला चिमटा आमच्या नरपडच्या घरी दिला, त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप झाला. माझी लेक वेणू क्षयाने सहा महिने अंथरुणाला होती. आता डॉक्टर म्हणे, बरी आहे, तिच्यापासून कुणाला लागण होणार नाही. फक्त अंगावर चरबी धरते का ते बघा. दर शनिवारी दंडामागची कातडी चिमट्यात धरायची नि घड्याळावरचा आकडा वहीत लिहायचा. नऊ झाला की उत्तम, एवढंच तो बोलला. पण वेणूच्या आगर गावच्या सासूने तेच धरून ठेवलं. नऊ झाल्याशिवाय सून यायची नाही नि पोराला हात लावायचा नाही. दीड वर्षाचं पोर ते, आई जिवंत असून आईवाचून राहिलं.

आमच्या ह्यांना चिकूची कलमं बांधता येतात, चिमटा धरता येत नाही. एका शनिवारी कोपराजवळ धरला, पाच आले. दुसऱ्या शनिवारी खांद्याजवळ, आठ. किती वेळा सांगावं माणसाला, की जागा एकच धरा? कोळशाने खूण केली, आंघोळीत गेली. शाईची केली, तीही गेली. शेवटी वैतागून मी बिब्बा तापवला आणि धोबी कपड्यावर घालतो तसा ठिपका तिच्या दंडावर घातला. तिथे धरला, सहा आले.

पुढच्या शनिवारी सहाचे नऊ झाले. दंड जरा लाल दिसत होता, तर हे म्हणाले, रक्त भरतंय. लगेच सायकल काढून आगरला सांगूनही आले, सोमवारी आणतो म्हणून.

रविवारी तिची बाही वर केली तर फोड. बिब्बा उतला होता. चरबी कसली नि काय, नुसती सूज. धन्य माझी अक्कल!

"अगं, आग होत असेल, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू आकडा खोडला असतास, आई."

असा संताप आला. तिचा, माझा, आणि सगळ्यात जास्त त्या विहिणीचा. दिवसभर खोबरेल लावत बडबडत राहिले.

सोमवारी वेणूला लांब बाह्यांचं पोलकं घातलं आणि मीच घेऊन गेले. विहीणबाई दारातच उभ्या, नातू कडेवर. या-बसा राहिलं बाजूला, आधी आकडा विचारला.

"नऊ," मी म्हटलं. "द्या त्याला इकडे."